मोबाइल मुका झाल्यावर : मेश रेडिओची प्राथमिक ओळख

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा राज्याच्या अनेक भागांत वीजपुरवठा खंडित झाला. वीज दीर्घकाळ गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की मोबाइलही मुका होतो. अशा वेळी एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर दोन ओळींचा निरोप पोहोचवू शकणारे साधन म्हणजे ‘लोरा’ तंत्रावरील मेश रेडिओ. त्याला टॉवर, इंटरनेट वा सिमकार्ड लागत नाही.

लोरा हे मूळचे फ्रान्समधील तंत्र. वेग कमी ठेवून लांबचा पल्ला गाठणे, हे त्याचे सूत्र आहे. त्यावर आधारित ‘मेशटॅस्टिक’ हा मुक्तस्रोत प्रकल्प 2020 मध्ये सुरू झाला. यातील प्रत्येक संच, म्हणजे नोड, ऐकलेला संदेश पुढे प्रक्षेपित करतो. संदेश मूळ व्यवस्थेत तीन आणि कमाल सात टप्पे पुढे जाऊ शकतो. संच ब्लूटूथने मोबाइलला जोडून त्यावर मजकूर लिहिता येतो. आवाज किंवा छायाचित्रे मात्र पाठवता येत नाहीत. एका संदेशाची मर्यादा सुमारे 200 बाइट असते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह व मात्रा तीन बाइट घेत असल्याने मराठी निरोप साठ-पासष्ट चिन्हांतच आटोपावा लागतो.

भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा पट्टा, शक्तीच्या व अन्य तांत्रिक मर्यादा पाळून, विनापरवाना वापरता येतो. म्हणून खरेदी करताना संच आणि अँटेना दोन्ही याच पट्ट्याचे असल्याची खात्री करावी; 433 मेगाहर्ट्झचा संच येथे उपयोगी नाही. अँटेना जोडल्याशिवाय संच कधीही सुरू करू नये, कारण त्यामुळे प्रक्षेपक निकामी होऊ शकतो. फर्मवेअर भरल्यावर प्रदेश म्हणून भारत निवडावा. मूळ वाहिनीची सांकेतिक किल्ली सर्वांना ठाऊक असते. खासगी संदेशांसाठी स्वतंत्र किल्लीची वाहिनी तयार करावी.

पल्ला ठरतो तो मुख्यतः उंचीवर. मोकळ्या दृष्टिरेषेत संदेश अनेक किलोमीटर जातो. मात्र सत्तरीसारख्या डोंगराळ भागात एक टेकडी किंवा दाट झाडी त्याला अडवू शकते. त्यामुळे घरात दोन संच ठेवण्यापेक्षा एक घरात आणि एक छपरावर किंवा टेकडीवर, सौरपट्टीच्या आधाराने बसवणे अधिक लाभदायक. मात्र मान्सूनमधील ढगाळ दिवसांचा विचार करून बॅटरी मोठी घ्यावी आणि पेटी जलरोधक असावी.

हे जाळे 112 या आपत्कालीन क्रमांकाला पर्याय नाही आणि संदेश पोहोचेलच, याची हमीही देत नाही. शिवाय एकट्या संचाला काहीच अर्थ नसतो. म्हणून शेजारी, पंचायत सदस्य वा स्थानिक मंडळाशी बोलून पावसाळ्यापूर्वीच दोन-तीन संच बसवावेत, कोठून कोठे ऐकू येते याची नोंद ठेवावी आणि महिन्यातून एकदा निरोपांची चाचणी घ्यावी. वादळाच्या रात्री जाळे उभारता येत नाही. आधी उभारलेलेच तेव्हा उपयोगी पडते.