शनिवारची अर्धी सुट्टी आणि यॉर्कशायरचे कुत्रे



कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने या व्याख्यानमालेत उभे राहून कुत्र्यावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. येताना एका जुन्या सोबत्याने आम्हांला विचारलेही, 'महागाईभत्त्याचा प्रश्न सुटला वाटते?' तो सुटलेला नाही. तथापि ज्या प्राण्याविषयी आज बोलावयाचे आहे, तो आमच्याच बिरादरीच्या हातची निर्मिती आहे, आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

पुण्यामुंबईच्या नव्या वसाहतींत संध्याकाळी हे कुत्रे पाहावयास मिळते. वजन फार तर तीन-सव्वातीन किलो. पाठीवर पोलादी निळसर रंगाचे, तोंडावर व पायांवर तांबूस रंगाचे रेशमासारखे केस. डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून कपाळावर रिबिनीने बांधलेले. पुष्कळदा ते चालतही नाही, मालकिणीच्या काखेत असते. याला यॉर्कशायर टेरिअर म्हणतात. श्रीमंतांच्या घरचे खेळणे, अशीच त्याच्याविषयी सर्वसाधारण समजूत आहे. या खेळण्याचे आजे-पणजे गिरणीत उंदीर मारीत होते.

त्याची कथा स्कॉटलंडातील पेझली या गावापासून सुरू करावी लागते. हे गाव शालींचे. काश्मीरच्या शाली युरोपात गेल्या, त्यांचे वेड तिथल्या बायकांना लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून पेझलीचे विणकर त्यांची नक्कल मागावर विणू लागले. आपल्या बायका जिला कोयरी म्हणतात, त्या नक्षीला इंग्रजीत आज या गावाचेच नाव आहे. काश्मीरच्या कारागिराचे नाव मागे राहिले आणि नक्कल करणाऱ्या गावाचे पुढे आले. नावे कशी पडतात, याचा हा पहिला नमुना. दुसरा पुढे येणारच आहे.

पेझलीचा विणकर घरीच माग घालून बसे. मजुरी बेताची, पण धोटा थांबवून दाराशी जाण्याची मुभा त्याला होती. या माणसांना नाना तऱ्हेचे नाद होते. परसातल्या दोन हात जागेत त्यांनी पिंक नावाची फुले लावली, आणि बी निवडून निवडून पाकळीच्या कडेला जाळीदार रंगरेषा असलेले वाण तयार केले. ते वाण सबंध ब्रिटनमध्ये नावाजले गेले. याच हातांनी कुत्रीही पाळली. लांब, रेशमी केसांचे एक ठेंगणे टेरिअर त्यांच्याकडे होते. त्याला पेझली टेरिअर किंवा क्लाइड्सडेल टेरिअर म्हणत. सुताचा पोत बोटांनी ओळखणारा माणूस कुत्र्याचे केसही बोटांनीच पारखणार, यात नवल ते काय?

पुढे यंत्रमाग आला. हातमागावरची मजुरी घसरत गेली. 1841 ते 1843 या मंदीत पेझलीतल्या पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. शतकाच्या मध्यास स्कॉटलंडातले पुष्कळ कारागीर कामाच्या शोधात दक्षिणेकडे यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरणीगावांत उतरले. कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईस आली, तसेच हे. बोचक्याबरोबर कुत्रेही आले. ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स या लोकरीच्या गावांत त्यांचा तिथल्या टेरिअरांशी संकर झाला, आणि त्यातून एक नवे कुत्रे आकार घेऊ लागले.

टेरिअर हा शब्द 'टेरा' म्हणजे भूमी या लॅटिन शब्दापासून आला. बिळात शिरणारे, जमीन उकरणारे ते टेरिअर. कापसाच्या गिरणीत ताण्याला लावावयाच्या खळीत पीठ आणि चरबी असे. तिथे उंदरांना काय तोटा? मुंबईच्या साचाखात्यात ज्यांनी रात्रपाळी केली आहे, त्यांना आणखी सांगावयास नको. असे कुत्रे गिरणीत, खाणीत आणि कामगारांच्या कोंदट खोल्यांत उंदरांवर उपयोगी पडे. ते लहान असणे ही त्याची शोभा नव्हती. खायला थोडे लागावे, खोलीत मावावे आणि यंत्राखाली शिरता यावे, अशी त्याची गरज होती.

आता मुद्द्याकडे येऊ. कुत्र्याची जात घडविण्यास पैसा लागतो, असे समजतात. त्याहून अधिक लागतो तो वेळ. जोडी निवडणे, पिल्ले वाढविणे, दोन-तीन वर्षे वाट पाहणे. या जातीची पिल्ले जन्मतात ती काळी आणि तांबूस. निळा रंग उतरावयास तीन वर्षेही लागतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला हे कसे साधावे? इंग्लंडात 1847 साली दहा तासांचा कायदा झाला आणि 1850 च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला गिरणी बंद करण्याचे बंधन आले. हे कायदे कागदावर स्त्रियांपुरते आणि अल्पवयीनांपुरते होते. पण त्यांच्यावाचून गिरणी चालत नव्हती, म्हणून पुरुषही सुटले. बायकापोरांच्या पदरात पडलेल्या सुट्टीवर पुरुषांनी आपले नाद केले, हेही नोंदवून ठेवावे.

कामगारांना मोकळा वेळ दिला तर ते दारू पितील, असा आक्षेप त्या काळी हटकून घेतला जाई. काहीजण प्यालेही. पण त्याच शनिवारी संध्याकाळी, त्याच दारूगुत्त्यांच्या मागल्या खोल्यांत कुत्र्यांची प्रदर्शने भरू लागली. टेबलावर कुत्रे उभे करायचे आणि केसांचा रंग, पोत, कानांची ठेवण यांवर तासन् तास वाद घालायचा. आम्हांला तर यात एक प्रकारची विद्वत्सभाच दिसते.

सगळेच गोड होते असे मात्र नाही. 1835 च्या कायद्याने अस्वलांच्या आणि कुत्र्यांच्या झुंजी बंद झाल्या, पण उंदरांची पर्वा कोणी केली नाही. खड्ड्यात पन्नास-शंभर उंदीर सोडून त्यांवर कुत्रे घालायचे आणि घड्याळ लावून पैजा मारायच्या, हा प्रकार पुढे कित्येक दशके चालला. लंडनमधले साडेपाच पौंडांचे एक लहानसे टेरिअर 1848 साली तासाभराच्या आत दोनशे उंदीर मारून प्रसिद्धीस आले. हे क्रूर होते, आणि त्यावर मजुरीचे पैसे उधळले जात. कामगारांनी केले म्हणून ते झाकावे, असे आम्हांला वाटत नाही.

विणकरांनी वंशावळी लिहून ठेवल्या नाहीत. पुष्कळांना लिहिता येत नव्हते. ज्यांना येत होते त्यांनी आपली युक्ती शेजाऱ्याला कळू नये म्हणून लिहिले नसेल. परिणाम असा, की या जातीच्या इतिहासात आरंभालाच एक मोठी पोकळी आहे. त्यावर वरच्या वर्गातल्या लोकांनी विनोद केला, की हे केस कुत्र्याच्या अंगावर उगवलेले नसून विणकरांनी मागावर विणले आहेत. थट्टा म्हणून केलेले हे बोलणे प्रशस्तिपत्रच ठरते. एवढे कौशल्य अडाण्यांचे असेल, हे मान्य करणे त्यांना जड गेले असावे.

नावनिशी ज्ञात असलेला पहिला मोठा कुत्रा म्हणजे 1865 साली जन्मलेला हडर्सफील्ड बेन. तो ब्रॅडफर्डकडच्या मेरी अ‍ॅन फॉस्टर या बाईंकडे होता. त्याने सत्तरांहून अधिक बक्षिसे मिळविली आणि 1871 साली, ऐन उमेदीत, तो गाडीखाली सापडून मेला. पण तेवढ्यात त्याची इतकी प्रजा झाली होती, की आजच्या यॉर्कशायर टेरिअरांचा तो आदिपुरुष मानला जातो. तो होता नऊ पौंडांच्या वर. त्याची पिल्ले मात्र पुष्कळदा पाच पौंडांच्या आत भरत.

जातीला नाव पडले तेही या सुमारासच. तोवर तिला स्कॉच टेरिअर म्हणत. 1870 साली वेस्टमरलंडच्या प्रदर्शनानंतर 'द फील्ड' या नियतकालिकाच्या अँगस सदरलँड या बातमीदाराने लिहिले, की यॉर्कशायरात ही जात इतकी सुधारली आहे की तिला यॉर्कशायरचेच नाव द्यावे. नाव जिल्ह्याला मिळाले, विणकरांना नाही. 1873 साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला. त्याचे संस्थापक सारे सद्गृहस्थ होते. फॉस्टरबाईंसारख्यांच्या कुत्र्यांची नोंद तिथे झाली, पण स्त्रियांना त्या क्लबाचे पूर्ण सभासदत्व मिळावयास 1979 साल उजाडले. कुत्री आत, बाई बाहेर!

सरकारही गप्प बसले नाही. 1867 साली दर कुत्र्यामागे पाच शिलिंग परवाना लावला. 1878 साली तो साडेसात शिलिंग केला. पुष्कळ मजुरांच्या आठवड्याच्या कमाईचा हा तिसरा हिस्सा तरी होता. मेंढपाळाच्या कुत्र्याला माफी मिळाली. गिरणीत उंदीर मारणारे कुत्रे मात्र हौसेचे ठरले. हा परवाना 1987 साली रद्द झाला, तेव्हा त्याची रक्कम सदतीस पेन्स होती, म्हणजे त्याच साडेसात शिलिंगांचे नवे नाणे. महागाईप्रमाणे न वाढलेला दुसरा कर आमच्या तरी ऐकिवात नाही.

यानंतर हे कुत्रे मांडीवर चढले. आकार आणखी घटला, केस जमिनीला टेकू लागले, ते तेल लावून कागदाच्या पुड्यांत गुंडाळून ठेवण्यात येऊ लागले. ज्या ब्रॅडफर्डात ते घडले, तिथेच डिसेंबर 1890 मध्ये मॅनिंगहॅम मिलच्या कामगारांनी मजुरीकपातीविरुद्ध संप केला. तो एप्रिल 1891 पर्यंत चालला आणि मोडला. त्या पराभवाच्या पोटी 1893 साली त्याच गावी इंडिपेंडंट लेबर पार्टीचा जन्म झाला.

आणि याच 1890 साली, 10 जूनला, मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागणी केली होती, तिचे हे फळ. रविवार हा खंडोबाचा वार. आणि त्या देवाच्या पायाशी कुत्रे असते, हे आपण जाणताच. आमच्या गिरणगावातल्या माणसांनी त्या रविवारी कुत्र्यांच्या जाती घडविल्या नाहीत. त्यांनी आखाडे काढले, भजनी मंडळे काढली, कबुतरे उडविली, तमाशे बांधले. सुट्टीत माणूस काय करील, हे मालकाला आधी सांगता येत नाही, हाच तर सुट्टीचा अर्थ.

आता या कुत्र्याबरोबर राहायचे कसे, याविषयी थोडे, कारण विचारणारे पुष्कळ भेटतात. पहिली गोष्ट, त्याचा आकार विसरावा आणि धंदा लक्षात ठेवावा. फेब्रुवारी 1944 मध्ये न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकन सैनिकांना या जातीची एक कुत्री सापडली. बिल विन या सैनिकाने तिला पाळले आणि तिचे नाव स्मोकी पडले. पुढे लुझॉन बेटावर लिंगायेन येथे विमानतळाखालून तार ओढावयाची होती. नळ जेमतेम आठ इंचांचा, लांबी सत्तर फूट, मध्ये मातीचे ढिगारे. खणावयाचे तर बॉम्बच्या छायेत तीन दिवस गेले असते. चार पौंडांची ती कुत्री गळपट्ट्याला दोरी बांधून पलीकडे गेली. जो प्राणी हे करू शकतो, तो दिवसभर सोफ्यावर बसवला तर घंटा वाजताच घर डोक्यावर घेईल, कुंड्या उकरील, गाद्या फाडील. त्याला दोन वेळा चालणे हवे, लपविलेली वस्तू शोधण्याचे काम हवे. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा, कारण या जातीची श्वासनळी चपटी होण्याचा धोका असतो. गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून उंच पलंगावरून उड्या मारू देऊ नयेत. दात लवकर किडतात व पडतात. ते रोज घासावे लागतात. अगदी लहान पिल्लू उपाशी राहिले तर रक्तातली साखर उतरून गळून पडते. केस माणसासारखे वाढतच राहतात. आपल्या हवेत ते सरळ आखूड करावेत. गिरणीतल्या कुत्र्याला रिबीन नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी डांबरावर नेऊ नये. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचावी. आणि 'चहाच्या कपात मावणारी' म्हणून अधिक दामाने विकतात ती पिल्ले घेऊ नयेत. तशी कोणतीही मान्य जात नाही. अशक्त पिल्लांचा तो व्यापार आहे.

या सगळ्याला वेळ लागतो, म्हणजे पुन्हा आपण तिथेच आलो. ज्या घरांत ही कुत्री आहेत, त्यांतल्या बहुतेक घरांत त्यांना फिरविण्याचे काम मोलकरणीकडे किंवा एखाद्या पोऱ्याकडे असते. भांडी-लादीच्या पगारातच ते धरलेले असते. कुत्रे चावले तर सुईचे पैसे कोणी द्यायचे, हे ठरलेले नसते. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा केला, पण आठवड्याची सुट्टी त्यात नाही. लोखंड्यांनी गिरणीकामगाराला मिळवून दिलेला रविवार या बायांपर्यंत अजून पोहोचायचा आहे. आमच्या घरकामगार संघटनेच्या बायांनी काही घरांत हा विषय काढला. दोन-चार ठिकाणी तो मान्य झाला. तिथे आता रविवारी मालक स्वतः साखळी धरून खाली उतरतात, आणि ती कुत्री त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त वेळ बाहेर असतात.