एका पाद्र्याची भूतदया
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भूतदया म्हटली की आपल्याला तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला काशीच्या कावडीतले पाणी पाजणारे एकनाथ महाराज आठवतात, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आठवतात. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत हा शब्द आपण सहसा वापरत नाही. पण मुक्या जनावरांसाठी कायदा आणि संस्था उभी करण्याचे काम आधुनिक काळात ज्यांनी हाती घेतले, त्यांच्यात एक इंग्रज पाद्री होता. आपण जे करतो आहोत ते ख्रिस्ताच्या शिकवणुकीतूनच आले आहे, अशी त्याची पक्की श्रद्धा होती. त्याचे नाव रेव्हरंड आर्थर ब्रूम.

ब्रूम यांना धर्मग्रंथात आधार शोधण्यासाठी लांब जावे लागले नाही. बायबलच्या जुन्या करारात मळणीच्या बैलाविषयी एक आज्ञा आहे. खळ्यात पात धरून बैल फिरत असताना त्याच्या तोंडाला मुसके बांधू नये, ती आज्ञा एवढेच सांगते. जो राबतो त्याने दोन घास खाल्ले तर काय बिघडले? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. सज्जन माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांत म्हटले आहे. शब्बाथाच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला बाहेर काढणार नाही का, असा प्रश्न स्वतः येशूने विचारल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे.

मग अडचण कुठे आली? करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौलाने हीच बैलाची आज्ञा घेतली आणि विचारले, देवाला काय बैलांची काळजी पडली आहे? त्याच्या मते ही आज्ञा माणसांसाठी, धर्माचे काम करणाऱ्यांना पोटापुरते मिळावे यासाठी होती. दृष्टान्त म्हणून हे ठीकच आहे, पण त्यात बैल बाजूला पडला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनीही जनावरांशी क्रूरपणे वागू नये असे सांगितले. त्यांनी दिलेले मुख्य कारण मात्र असे, की तशा सवयीने माणूस माणसांशीही क्रूर होतो. पाखरांना बंधू-भगिनी मानणारे असिसीचे संत फ्रान्सिस हे अपवाद, आणि अपवाद म्हणूनच ते पूजनीय झाले.

या परंपरेला इंग्लंडमधल्या एका खेड्यात धक्का बसला. १८ ऑक्टोबर १७७२ रोजी शिपलेक गावचे पाद्री जेम्स ग्रेंजर यांनी मुक्या प्राण्यांच्या बाजूने प्रवचन केले. लोक चिडले. व्यासपीठावरून कुत्र्याघोड्यांची नावे घेणे म्हणजे देवाच्या जागेची अप्रतिष्ठा, असे त्यांना वाटले. ग्रेंजर यांनी प्रवचन छापून काढले आणि ते कोणा सरदाराला अर्पण न करता घोड्यांना झोडपणाऱ्या एका गाडीवानाला अर्पण केले. पुढे १७७६ मध्ये हम्फ्री प्रायमॅट या दुसऱ्या पाद्र्याने याच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. वेदना ती वेदनाच, मग ती माणसाला होवो की पशूला, हा त्यातला मुद्दा. ब्रूम यांनी १८२२ मध्ये या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती काढली.

त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये कायदाही झाला. त्यामागचे रिचर्ड मार्टिन हे आयर्लंडमधल्या गॉलवेचे खासदार. गृहस्थ तापट, द्वंद्वयुद्धांसाठी प्रसिद्ध. सौम्यतेचा पुतळा म्हणून कोणी त्यांच्याकडे बोट दाखवले नसते! तरीही घोडे, गाढवे, गाई, मेंढ्या यांना निर्दयपणे मारणाऱ्याला ५ पौंडांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यांनी मंजूर करून घेतली. मारहाण झालेले गाढव त्यांनी पुरावा म्हणून थेट कोर्टात आणवले, अशी कथा सांगतात. त्या प्रसंगाचे चित्रही आहे.

कायदा झाला, पण तक्रार कोण करणार? १६ जून १८२४ रोजी लंडनच्या एका कॉफी हाउसमध्ये ब्रूम यांनी बैठक बोलावली. जागेचे नाव ओल्ड स्लॉटर्स. ते मूळ मालकाच्या आडनावावरून पडलेले असले, तरी त्या शब्दाचा अर्थ कत्तल! गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर लढलेले विल्यम विल्बरफोर्स, त्याच चळवळीतले फॉवेल बक्स्टन, मार्टिन, असे लोक जमले. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था, म्हणजे आजची आरएसपीसीए, तिथे जन्माला आली. ब्रूम चिटणीस झाले. या कामासाठी त्यांनी आपली पाद्र्याची नेमणूक सोडली आणि स्मिथफिल्डच्या गुरांच्या बाजारावर नजर ठेवायला स्वतःच्या पैशाने माणूस नेमला. पहिल्या वर्षात ६३ जणांना कोर्टात उभे करण्यात आले.

हे बहुतेक गाडीवान, गुराखी, खाटीक असे हातावर पोट असलेले लोक होते. बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळावर बंदी घालण्याचे विधेयक १८०० मध्ये आले, तेव्हा विल्यम विंडहॅम यांनी विचारले होते की श्रीमंतांची शिकार चालते, मग गरिबांच्याच करमणुकीवर बंदी का? विंडहॅम यांचा हेतू काही असो, प्रश्न खोटा नव्हता. कोल्ह्यामागे घोडे फेकणाऱ्या उमरावांना संस्थेने हात लावला नाही.

पैसा मात्र पुरेना. १८२६ मध्ये संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले. त्यांच्या सुटकेसाठी मार्टिन यांच्या बरोबरीने धावाधाव केली ती लुईस गॉम्पर्ट्झ यांनी. पुढे चिटणीसपदाची धुरा घेऊन त्यांनी संस्था सावरली. हे गृहस्थ यहुदी. मांस तर सोडाच, दूध आणि अंडीही ते खात नसत आणि घोड्याला कष्ट नकोत म्हणून घोडागाडीत बसत नसत. सौम्यता हा ख्रिस्ती सद्गुण खरा, पण त्या समितीत तो सर्वांत काटेकोरपणे पाळणारा माणूस ख्रिस्ती नव्हता. १८३२ मध्ये संस्थेने ठराव केला की आपले कार्य केवळ ख्रिस्ती श्रद्धेवर आणि ख्रिस्ती तत्त्वांवर आधारलेले आहे. त्या ठरावानंतर गॉम्पर्ट्झ यांना तिथे जागा उरली नाही. ते बाहेर पडले आणि त्यांनी प्राणिमित्रांची वेगळी संस्था काढली. मला हा ठराव ब्रूम यांच्या तुरुंगवासापेक्षा जास्त दुःखाचा वाटतो.

योगायोग असा की त्याच १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत दंगल उसळली होती, तीही कुत्र्यांसाठी. रस्त्यावरची भटकी कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम होता. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभारली. लंडनच्या समितीला याची वार्ताही नसेल.

इंग्लंडमध्ये बैल आणि कोंबड्यांच्या झुंजींवर १८३५ मध्ये बंदी आली. ते विधेयक आणणारे जोसेफ पीज क्वेकर पंथाचे होते. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीने संस्थेला ‘रॉयल’ हा किताब दिला. ब्रूम त्याआधीच, १८३७ मध्ये, विस्मृतीत वारले होते.

गॉम्पर्ट्झ १८६१ मध्ये गेले. त्याच वर्षी कलकत्त्यात लंडनच्या धर्तीवर संस्था निघाली आणि १८७४ मध्ये मुंबईत. मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या त्याही याच वर्षी. नमुना लंडनचा असला, तरी १८३२ चा तो ठराव इथे आणणे शक्यच नव्हते. इथे पैसा देणारे पारशी, जैन, हिंदू होते. जनावरांच्या इस्पितळासाठी मोठी देणगी दिली सर दिनशा पेटिट यांनी, आणि त्याला पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव दिले. परळला हे इस्पितळ आहे. मुंबईकर मात्र त्याला देणगीदाराच्या नावाने ओळखत नाहीत. जे रुग्ण तिथे आणले जात, त्यांच्याच नावाने ओळखतात: बैलघोडा हॉस्पिटल.