मेथिसिलीनरोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस (एमआरएसए)

मेथिसिलीनसह बहुतेक बीटा-लॅक्टम प्रतिजैविकांना दाद न देणारा जीवाणू. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या जखमा, रक्त व फुप्फुसे यांच्या संसर्गाचे हे एक प्रमुख कारण आहे. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जीवाणूंवर उपाय म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलीन आले. १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही रोधी असलेले वाण आढळल्याची नोंद झाली. ‘मेकए’ या जनुकामुळे जीवाणूत ‘पीबीपी-२ए’ हे प्रथिन तयार होते. औषध त्याला नीट बांधले जात नाही, म्हणून पेशीभित्तीची घडण चालूच राहते. प्रसार मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या हातांवाटे व दूषित उपकरणांवाटे होतो. गंभीर संसर्गात व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड देतात. हातांची स्वच्छता, बाधितांचे विलगीकरण आणि प्रतिजैविकांचा काटेकोर वापर प्रतिबंधासाठी अत्यावश्यक आहेत.