औंधचे अप्पासाहेब पंत आणि आफ्रिकेचें स्वातंत्र्य

औंध हें सातारा भागांतील एक चिमुकलें संस्थान होतें. अवघीं बहात्तर गांवें, आणि तींहि इकडे तिकडे विखुरलेलीं. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें नांव सूर्यनमस्कारांमुळें घरोघर पोहोंचलें. परंतु महात्मा गांधींच्या सल्ल्यानें १९३९ सालीं त्यांनीं आपला राज्याधिकार प्रजेच्या स्वाधीन केला, हें कृत्य त्याहून थोर होय. अप्पासाहेब हे त्यांचे पुत्र. जन्म १९१२ चा. ऑक्सफर्डला शिकून व बॅरिस्टर होऊन आलेल्या या राजपुत्रास आपल्या गादीचा अधिकार जातांना पाहून खेद झाला नाहीं. उलट तो घडवून आणण्यांत त्यांचाच हात होता. घरचें राज्य आनंदानें सोडणारा मनुष्य परक्यांचें राज्य परक्यांना मिळावें म्हणून झटला, यांत नवल तें काय?

१९४८ मध्यें औंध विलीन झालें, आणि त्याच वर्षीं पंडित नेहरूंनीं अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेंतील भारताचे पहिले कमिशनर नेमून नैरोबीस धाडलें.

त्या वेळचें नैरोबी म्हणजे तीन मजली हवेलीच. वर मूठभर गोरे, मध्यें हिंदी लोक आणि तळाशीं देशाचे खरे धनी. मोंबासाहून आंत जाणारा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत बांधला गेला तो तीस हजारांवर हिंदी मजुरांच्या श्रमांनीं. त्यांतले सुमारें अडीच हजार तेथेंच मेले, बहुतेक सारे परत आले. त्यांच्या मागोमाग गेला तो व्यापारी मात्र टिकला. स्वाहिली भाषेंत दुकानाला 'डुका' म्हणतात; आपल्या 'दुकान' शब्दाचाच हा भाऊबंद! उंचावरील सुपीक थंड प्रदेश गोऱ्यांसाठीं राखून ठेवलेला; तेथें हिंदी माणसाला जमीन घेण्याची बंदी, आणि किकूयू शेतकरी तर आपल्याच भूमींत उपरा. पण हिंदी दुकानदाराकडे आफ्रिकन गिऱ्हाईक कांहीं फार प्रेमानें पाहत नसे, हेंहि सांगितलें पाहिजे.

नेहरूंचें धोरण स्पष्ट होतें. हिंदी लोक हे आफ्रिकेंत पाहुणे आहेत. भूमिपुत्रांच्या हिताआड येणारा कोणताहि हक्क त्यांनीं मागूं नये. ऐकावयास हें सोपें, परंतु पेढीवर बसलेल्या गृहस्थास पचावयास कठीण. अप्पासाहेबांनीं तें स्वतःच्या घरापासून आचरणांत आणलें. जेथें वर्णभेदाचा कायदा हॉटेलाच्या दारापर्यंत पोहोंचला होता, तेथें त्यांचें घर आफ्रिकन पुढाऱ्यांना मोकळें असे. जोमो केन्याटा, पीटर कोइनांगे यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. आफ्रिकन तरुणांना भारतांतील विद्यापीठांत शिकतां यावें म्हणून भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, त्यामागें त्यांची खटपट होती. गांधीजींच्या स्मारकासाठीं तेथील हिंदी लोकांनीं निधि जमविला. त्यांतून उभी राहणारी विद्यासंस्था सर्व वर्णांना खुली असावी, हा आग्रहहि त्यांचाच. पुढें ती नैरोबीच्या तांत्रिक महाविद्यालयांत मिळाली आणि १९७० सालीं त्याचेंच विद्यापीठ झालें.

मात्र वकिलातीचा धर्म निराळा. ज्या सरकारच्या दरबारीं राहावयाचें, त्याच्याच विरुद्ध उठलेल्या लोकांशीं मैत्री कशी ठेवावी? २० ऑक्टोबर १९५२ रोजीं केनियांत आणीबाणी पुकारली गेली आणि हा प्रश्न तीव्र झाला. त्याच रात्रीं केन्याटांना पकडलें. माऊ माऊच्या शपथा, कोयत्यांचे वार, आणि उलट बाजूनें फांशी व बंदिछावण्या! गांधीजींच्या तालमींत वाढलेल्या माणसास तो रक्तपात कसा रुचावा? तथापि जमिनीचें दुःख खरें होतें, हें त्यांनीं कधीं नाकारलें नाहीं. त्या धामधुमींत मेलेले गोरे नागरिक बत्तीस; आफ्रिकन लोक मात्र दहा हजारांवर. कोंडलेल्यांच्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारनें पार्लमेंटांत खेद व्यक्त केला, तो २०१३ सालीं!

कापेंगुरिया या आडगांवीं केन्याटांवर खटला चालला. बचावासाठीं इंग्लंडहून प्रिट आले, भारतांतून दिवाण चमनलाल गेले, आणि स्थानिक वकिलांत कपिला, जसवंतसिंग व गोमंतकीय वंशाचे फिट्झ डिसोझा होते. एप्रिल १९५३ मध्यें सात वर्षांची सक्तमजुरी झालीच. गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोष आतां अप्पासाहेबांवर वळला. लंडनहून दिल्लीकडे तक्रारी गेल्या आणि १९५४ मध्यें त्यांना परत बोलावण्यांत आलें. त्याच वर्षीं भारतानें त्यांना पद्मश्री दिली.

पुढें ते सिक्किम, इंडोनेशिया, नॉर्वे व ईजिप्त येथें होते. १२ डिसेंबर १९६३ रोजीं केनिया स्वतंत्र झाला, कालचा कैदी त्याचा मुख्य प्रधान झाला, तेव्हां अप्पासाहेब जाकार्तास होते. १९६९ मध्यें ते लंडनला हायकमिशनर म्हणून गेले. ती कारकीर्द संपत आली असतां, १९७२ च्या ऑगस्टांत, युगांडाच्या इदी अमीननें आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याची आज्ञा केली. त्यांतील बहुतेकांच्या खिशांत ब्रिटिश पारपत्रें होतीं. चोवीस वर्षांपूर्वीं ज्या दुकानदारांना 'तुम्ही येथें पाहुणे आहांत' असें सांगण्यासाठीं अप्पासाहेब पूर्व आफ्रिकेंत गेले होते, त्यांचींच मुलेंबाळें आतां एकेका पेटीनिशीं लंडनच्या विमानतळावर उतरूं लागलीं.