कोठार आणि रस्ता : पिंपरी-चिंचवड ते चाकण

औद्योगिक इतिहास म्हटला म्हणजे यंत्रे व भांडवल डोळ्यांसमोर येतात. माल केव्हा यावा व कोठे थांबावा, हा प्रश्न सहसा मागे पडतो. वस्तुतः पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांतील एक महत्त्वाचा भेद याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, तेव्हा मुंबई-पुणे लोहमार्ग व हमरस्ता तेथे होतेच. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व कारखान्यांस जमीन मिळणे सुकर झाले. तथापि सुटे भाग वेळेवर मिळण्याची शाश्वती नव्हती. यास्तव सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने पुण्यास प्रथम साचे व यंत्रहत्यारे घडविण्याची सोय केली. वाहनांचे उत्पादन मागाहून आले. नियोजनाचा मोठा भाग अशा रीतीने कारखान्याच्या आवारातच राहिला.

चाकणची स्थिती निराळी. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावास लोहमार्ग नाही. सारी भिस्त रस्त्यांवर. १९९१ नंतरच्या खुल्या धोरणाच्या काळात येथे वाहननिर्मिती वाढली, तोवर ‘हवा तेव्हा, हवा तेवढाच माल’ ही जपानमधील टोयोटाची पद्धती जगभर पोहोचली होती. त्यामुळे मोठ्या कारखान्याचे कोठार लहान झाले. परंतु वाटेत वाहतूक खोळंबेल या धास्तीने तोच साठा लहान पुरवठादारास स्वखर्चाने आपल्या गाळ्यात ठेवावा लागतो. चाकणच्या काटकसरीचा हिशेब मांडताना हा खर्चही धरावयास हवा.