पूर्ण उतरवूनच चार्ज करा : एका सल्ल्याची कुळकथा

कॉर्डलेस ड्रिल घरी आणले की कोणीतरी अनुभवी माणूस एक सल्ला देतोच: बॅटरी पार उतरू द्या, मगच चार्जरला लावा. देणाऱ्याने तो कधीकाळी खरा ठरताना पाहिलेला असतो, म्हणून तो ठामपणे देतो. पण आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक ड्रिलच्या बॅटऱ्यांचे आयुष्य याच सल्ल्याने घटते. चांगल्या हेतूने सांगितलेली गोष्ट हत्याराच्या मुळावर येते, याचे मला वाईट वाटते. म्हणून तिचे कूळ शोधायचे.

या घराण्याचा मूळपुरुष स्वीडनचा वाल्डेमार युंगनर. १८९९ साली त्याने निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली. ती टिकाऊ होती, जोरकस होती, पण आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण खेळत असे आणि चार्ज होताना निघणाऱ्या वायूला बाहेर वाट ठेवावी लागे. छताला भोक पाडताना ड्रिल उभे धरावे लागते, फळीखाली स्क्रू आवळताना आडवे. तिथे उघड्या तोंडाची बॅटरी चालणे शक्य नव्हते. ही अडचण १९४७ साली गेओर्ग नॉयमन यांनी सोडवली. मायक्रोफोनमुळे जगभर ओळखले जाणारे नॉयमन ते हेच. त्यांच्या सेलमध्ये चार्जिंगच्या शेवटी निघणारा ऑक्सिजन आतल्या आत कॅडमियमच्या पट्टीवर शोषला जाई, त्यामुळे सेल कायमचा बंद करता आला. माझ्या मते बिनतारी ड्रिलचा खरा जन्म इथे आहे, जरी तेव्हा तिथे एकही ड्रिल नव्हते.

पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियमवर चालणारे पहिले बिनतारी ड्रिल बाजारात आणले. तारेच्या ड्रिलपुढे त्याची ताकद किरकोळ होती. जपानच्या मकिताने १९६९ मध्ये आपले पहिले चार्जिंगचे ड्रिल काढले आणि १९७८ मध्ये निकेल-कॅडमियमवरचे.

बिनतारी ड्रिल नासाने शोधले, असे पुष्कळदा छापून येते. ते खरे नाही. नासाचे काम नंतरचे. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्राच्या मातीत जे ड्रिल चालवले, त्यात ब्लॅक अँड डेकरचा हात होता आणि त्याची बॅटरी रुपे-जस्ताची होती. ड्रिल अंतराळातून आले नाही. सल्ला मात्र तिथूनच आला.

पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह ठरावीक वेळाने सावलीत शिरतो आणि ठरावीक वेळाने उन्हात येतो. सावलीत बॅटरी दर वेळी तेवढीच, सुमारे २५ टक्के उतरे आणि उन्हात पुन्हा तंतोतंत भरे. असे शेकडो वेळा झाल्यावर त्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा व्होल्टेज त्या नेमक्या टप्प्यापुढे एकदम खाली बसू लागला. बॅटरीला जणू सवय जडली होती. यालाच ‘मेमरी इफेक्ट’ म्हणू लागले. एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरली की बॅटरी पुन्हा ठीक होई.

सुताराच्या हातातले ड्रिल कधीच इतक्या शिस्तीने उतरत नाही. आज चार स्क्रू, उद्या अख्खे कपाट. मग त्याच्या बॅटऱ्या का बसत? बहुतेक वेळा जास्त चार्जिंगमुळे. जुने साधे चार्जर १४ ते १६ तास घेत आणि भरल्यावर आपोआप थांबत नसत. शनिवारी लावलेली बॅटरी सोमवारपर्यंत तापत पडे. त्या उष्णतेने आतल्या कॅडमियमचे कण मोठे होत आणि व्होल्टेज खाली येई. तीही बॅटरी एकदा नीट उतरवून भरली की थोडी सावरे. कारण निराळे असले तरी इलाज तोच लागू पडला आणि उपग्रहांचा सल्ला कारखान्यांत, तिथून घराघरांत गेला.

पुढे तो प्रमाणाबाहेर वाढला. ड्रिलच्या ट्रिगरला रबर बांधून चक फिरायचे थांबेपर्यंत लोक ते चालू ठेवत. १२ व्होल्टच्या पॅकमध्ये १.२ व्होल्टचे दहा सेल एका ओळीत असतात. त्यातला सगळ्यांत अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले नऊ त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. तो सेल उलटा चार्ज होतो आणि कायमचा जायबंदी होतो. सेलमागे १ व्होल्ट उरला की थांबायचे असते. म्हणजे ड्रिलचा जोर कमी झाल्याचे हाताला कळताच.

निकेल-कॅडमियमच्या काळात एवढे निभावले. मग लिथियम-आयन आले. १९९१ मध्ये सोनीने त्या बॅटऱ्या विकायला सुरुवात केली, २००३ मध्ये बॉशने छोटा स्क्रू-ड्रायव्हर त्यावर चालवला आणि २००५ मध्ये मिलवॉकीचे २८ व्होल्टचे भारी पॅक आले. आजच्या १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने असतात. या सेलना सवय जडत नाही. अर्धे उतरलेले भरले तर काहीच बिघडत नाही, उलट आयुष्य वाढते.

पार उतरवणे मात्र घातक. पॅकमधले सर्किट ठरावीक पातळीला प्रवाह तोडते, पण तशीच रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने कपाटात राहिली तर ती आपोआप आणखी खाली जाते. सेल फारच खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचे तांबे द्रावणात विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. अशा बॅटरीला चार्जर नकार देतो तो म्हणूनच. दुसऱ्या बॅटरीने धक्का देऊन तिला जागे करण्याचे प्रकार होतात. ते कृपया कोणी करू नयेत. महिनाभर काम नसेल तर लिथियमची बॅटरी निम्मी भरून, मशीनमधून काढून, थंड जागी ठेवावी. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर ठेवूच नये.

सेल बदलायची वेळ आली तर जुन्या निकेल-कॅडमियम पॅकमधले सगळे सेल एकदम बदलावेत. एकच नवा घातला तर जुने अशक्त सेल त्याच्याआधी रिकामे होतात आणि वर सांगितलेला उलटा प्रवाह त्यांच्या वाट्याला येतो. सेलवर थेट डाख देऊ नये, उष्णतेने त्याचे सील जाते; निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडाव्यात. जुन्या खोक्यात लिथियमचे सेल भरायचे असतील तर त्यांचे संरक्षक सर्किट हवे आणि चार्जरही त्यांचाच हवा. निकेल-कॅडमियमचा चार्जर लिथियमवर कधीही लावू नये. तो ४.२ व्होल्टला थांबत नाही आणि तिथून पुढे आग लागू शकते. लिथियमचा पॅक स्वतः उघडण्यापेक्षा नवा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅडमियमची सद्दी आता संपत आली आहे. जपानच्या जिन्झू नदीकाठी कॅडमियममिश्रित पाण्याने लोकांची हाडे ठिसूळ झाली आणि १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा आजार मान्य केला. युरोपने बिनतारी हत्यारांना दिलेली कॅडमियमची सवलत २०१६ अखेर काढून घेतली. भारतात २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून संपलेला पॅक ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता, त्याच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावा.