थीसिअस : अथेन्सने शोधून आणलेला वीर

प्राचीन ग्रीक पुराणकथांत वीरांची वाण नाही. हेराक्लिसचे बाहुबळ, अकिलीसचा क्रोध आणि ओडिसिअसचे चातुर्य जगभर ठाऊक आहे. परंतु एखादे नगर आपल्या वीराला कसे झिडकारते आणि गरज पडताच त्याला कसे शोधून आणते, हे जाणून घेण्यासाठी अथेन्सच्या थीसिअसकडेच वळावे लागते.

अथेन्सचा राजा ईजिअस याने ट्रॉयझेन येथे एका प्रचंड शिळेखाली आपली तलवार व पादत्राणे ठेवली होती. ती शिळा हलविण्याचे बळ पुत्राच्या अंगी येताच त्याने अथेन्सला यावे, अशी त्याची आज्ञा होती. थीसिअसने शिळा हलविली आणि सुरक्षित समुद्रमार्ग सोडून वाटमाऱ्यांनी ग्रासलेला खुष्कीचा मार्ग धरला. वाटसरूंना आपल्या खाटेच्या मापाचे करण्यासाठी त्यांचे अवयव ताणणाऱ्या किंवा छाटणाऱ्या प्रोक्रस्टीझला त्याने त्याच रीतीने शासन केले.

अथेन्सला त्या काळी क्रीटचा राजा मायनॉस याच्याकडे सात तरुण आणि सात तरुणी खंडणी म्हणून पाठवाव्या लागत. डेडॅलसने रचलेल्या भुलभुलैयात कोंडलेला वृषभमुखी मिनोटॉर त्यांचा बळी घेई. थीसिअस स्वेच्छेने त्या तरुणांत सामील झाला, मिनोटॉरला त्याने ठार केले आणि राजकन्या आरिआड्नीने दिलेल्या सुताच्या आधाराने तो बाहेर पडला. मात्र ग्रीकांनी आपल्या वीराचे दोष झाकले नाहीत. परतीच्या वाटेवर त्याने आरिआड्नीला नॅक्सॉस बेटावर सोडून दिले. विजयाची खूण म्हणून पांढरे शीड उभारायचे तो विसरला. काळे शीड पाहून पुत्र गेला असे समजलेल्या ईजिअसने प्राणत्याग केला. एजियन समुद्राचे नाव त्याच्यावरूनच पडले, असे कथा सांगते.

या कथेत इतिहास किती? आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली क्रीटमधील नॉसॉस येथे उत्खनन सुरू केले. तेथे असंख्य दालनांचा राजवाडा आणि उसळत्या बैलावरून झेप घेणाऱ्यांचे भित्तिचित्र सापडले. मिनोटॉर अर्थातच सापडला नाही. परंतु कथेच्या मुळाशी एका समृद्ध संस्कृतीची स्मृती असावी, असे मानण्यास आधार मिळाला. ॲटिका प्रदेशातील विखुरलेल्या वस्त्या एका नगराच्या छत्राखाली आणण्याचे श्रेय थ्युसिडिडीजसारखा चिकित्सक इतिहासकारही थीसिअसलाच देतो.

ज्याने नगर एकत्र आणले, त्यालाच उतारवयात नगराने दूर केले. स्कायरॉस बेटावर आश्रयाला गेलेल्या थीसिअसला तेथील राजाने कड्यावरून लोटून दिले, असे प्लुटार्क सांगतो. त्या वेळी अथेन्सने शोक केला नाही. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर मात्र तो शस्त्रसज्ज होऊन इराण्यांवर तुटून पडल्याचे सैनिकांना भासले, अशी आख्यायिका आहे. पुढे देववाणीचा हवाला देऊन सेनापती सायमनने इ. स. पू. ४७५ च्या सुमारास स्कायरॉस जिंकले आणि थीसिअसच्या म्हणून मानलेल्या अस्थी समारंभपूर्वक अथेन्सला आणल्या. त्यात सायमनचा राजकीय लाभ होताच. परंतु नगराच्या मध्यभागी उभे राहिलेले ते स्मारक पुढे पळून आलेल्या गुलामांचे आणि बलवंतांच्या धाकाने ग्रासलेल्या दुर्बलांचे आश्रयस्थान झाले. स्वतः आश्रयाला जाऊन जीव गमावलेल्या वीराचे याहून उचित स्मारक कोणते?

थीसिअसचे जहाजही अथेन्सकरांनी जपले. कुजलेली फळी काढून तेथे नवी बसवली जाई. ते मूळचेच जहाज म्हणावे की नवे, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. दरवर्षी त्यातून डेलॉस बेटावर यात्रा जाई आणि ते परत येईपर्यंत नगरात कोणालाही देहदंड दिला जात नसे. इ. स. पू. ३९९ मध्ये याच नियमामुळे सॉक्रेटिसला कारागृहात शिष्यांशी संवाद करण्यास काही दिवस अधिक लाभले.

संस्थांचेही असेच असते. विद्यार्थी येतात, जातात. शिक्षक निवृत्त होतात. भिंती नव्याने उभ्या राहतात. फळ्या बदलत राहिल्या तरी जहाज ज्या कार्यासाठी निघते ते कार्य कायम असेल, तर जहाजही तेच राहते.